जुनी सरमिसळ सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना: सातारा-सांगलीच्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

वाड्याच्या जिन्याखालून किंवा गोठ्यातून बाहेर काढलेली जुनी काळी सायकल सहसा एका कंपनीची राहिलेली नसते. फ्रेम रॅलेची, मागचं चाक अ‍ॅटलसचं, चेनव्हीलवर (पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रावर) हर्क्युलिसचं नाव आणि हँडल कुठलं ते देव जाणे. चाळीस-पन्नास वर्षांत जे मोडलं ते जवळच्या दुकानात मिळेल त्या भागानं बदललं गेलं. अशी सायकल "ओरिजिनल नाही" म्हणून टाकून देऊ नका. ती उत्तम चालू शकते. मात्र तिचे भाग वेगवेगळ्या मापपद्धतींचे असतात, आणि नवखे अडकतात ते इथेच: आधी भाग विकत घेतात, मग ते बसत नाहीत, मग हातोडा येतो आणि फ्रेमचे आटे जातात. म्हणून या लेखात मोजमापाला सर्वांत जास्त जागा दिली आहे. रंगाला सर्वांत कमी.

१. आधी जमवायचं सामान आणि कागद

- व्हर्नियर कॅलिपर आणि इंचाच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी. दोन्ही हवेच.
- भिंतीला किंवा टेबलाला पक्का बसवलेला वाइस (शिकंजा).
- एक्सलवरचे कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारे शंकूसारखे नट) आवळायचे पातळ पाने, स्पोकची चावी, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राच्या) खाचांना बसणारी फ्रीव्हील काढणी.
- एक किलोचा हातोडा आणि क्रँकखाली (पायडलच्या दांडीखाली) टेकू द्यायला जाड लोखंडी नळीचा तुकडा.
- गंज सैल करणारं स्प्रे तेल, लिथियम ग्रीस, पातळ मशीन तेल, लिंबूसत्त्व, खायचा सोडा.
- छर्रे: पाव इंचाचे ४०, ३/१६ इंचाचे २०, ५/३२ इंचाचे ५०. हरवतात, म्हणून प्रत्येकी पाच-सहा जास्त घ्या.
- झाकणाचे डबे आणि चिकटपट्टी. प्रत्येक सांध्याचे भाग वेगळ्या डब्यात, डब्यावर नाव.

सायकल विकत घेत असाल तर साध्या कागदावर का होईना, पावती घ्या: विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि फ्रेम नंबर. नंबर सहसा सीटच्या नळीच्या वरच्या सांध्यावर किंवा बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ती फ्रेमची आडवी नळी) पोटाखाली ठोकलेला असतो. तो मुद्दाम घासून काढलेला दिसला तर व्यवहार करू नका. नगरपालिकेच्या सायकल कराचा जुना बिल्ला फ्रेमला लटकत असेल तर तो काढून जपून ठेवा. सायकल कुठल्या गावात आणि कुठल्या साली चालत होती याचा तो पुरावा असतो, आणि रंगकामात असे बिल्ले हमखास हरवतात.

२. फ्रेम कुणाची, ते ओळखा

आपल्या भागात सापडणाऱ्या सायकली ढोबळमानानं दोन घराण्यांतल्या. एक विलायती: रॅले, हंबर, रज, रॉबिनहूड, बीएसए, फिलिप्स, हर्क्युलिस. दुसरं देशी: अंबत्तूरच्या टीआय सायकल्सनं १९४९ पासून केलेल्या हर्क्युलिस आणि नंतरच्या बीएसए, फिलिप्स, आसनसोलची सेन-रॅले, सोनिपतची अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६), मुंबईची हिंद. सायकलचा धंदा आपल्याकडे त्याहून जुना आहे. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात केली ती १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानानं.

नुसत्या बिल्ल्यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या नळीवरचा बिल्ला दोन रिव्हेटवर बसतो आणि सहज बदलता येतो. हर्क्युलिस हे नाव इंग्लंडमध्येही होतं आणि अंबत्तूरमध्येही. भाग घेताना खरं बघायचं ते बीबीच्या आट्यांकडे. ते पाचव्या पायरीत आहे.

३. फ्रेम सरळ आहे का, कुजली आहे का

पैसे खर्च करण्याआधी तीन तपासण्या करा.

पहिली, धडक. पुढच्या नळीच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या दांडीच्या पोटाला बोट फिरवा. रंगाला आडव्या सुरकुत्या किंवा पत्र्याला फुगवटा लागला तर सायकल समोरून आपटलेली आहे.

दुसरी, दोरी. मागच्या एका ड्रॉपआऊटपासून (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेपासून) दोरी पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटपर्यंत ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर मागचा भाग वाकलेला आहे. तो सरळ होतो, पण अनुभवी मिस्त्रीच्या हातून.

तिसरी खास सांगली, मिरज आणि कृष्णाकाठच्या गावांसाठी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात अनेक सायकली दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. पुराचं पाणी ओसरतं, गाळ नळ्यांत राहतो. सीटची दांडी काढा, सायकल उलटी करा, नळीवर लाकडी ठोकळ्यानं हलके ठोके द्या. वाळलेली माती पडू लागली तर बीबी उघडून सगळ्या नळ्या स्वच्छ पाण्यानं धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि आतून पातळ तेल फिरवा. मग बीबीला लागून असलेल्या मागच्या दोन खालच्या नळ्या पोटाकडून स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. टोक आत गेलं तर फ्रेम भंगारात. गंजलेल्या जागी वरून वेल्डिंग करून देतो असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. पातळ झालेल्या नळीवर वेल्डिंग केलं की शेजारीच चीर पडते.

४. खोलणे: कॉटर आणि फ्रीव्हील

खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, रॉड ब्रेकच्या (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या) सांध्यांचे जवळून काढा. नंतर तेच उपयोगी पडतात.

कॉटर पिन, म्हणजे क्रँकला एक्सलवर घट्ट धरणारी पाचरीसारखी खीळ, ही पहिली परीक्षा. आदल्या रात्री स्प्रे तेल मारून ठेवा. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी सपाट होईपर्यंत सैल करा म्हणजे आटे चेपणार नाहीत. क्रँकखाली, पिनच्या अगदी शेजारी, नळीचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवून उभा करा, पिनचं मोठं टोक नळीच्या पोकळीत उतरेल असा. मग एकच जोरदार, सरळ घाव घाला. वीस हलक्या टोल्यांनी पिन फुलते आणि आतच बसते. टेकू नसेल तर घावाचा सगळा जोर छर्ऱ्यांवर जातो आणि कपात (छर्रे बसतात त्या आट्यांच्या वाटीत) खड्डे पडतात. निघालेली कॉटर पुन्हा वापरू नका, पण मापासाठी ठेवा. सर्रास मापं दोन, ९.५ आणि ९ मिलिमीटर. दिसायला सारखी, पण ९ ची पिन ९.५ च्या भोकात बसवली तर क्रँक आठवड्यात डुगडुगायला लागतो.

उलटे आटे दोन ठिकाणी असतात. डावं पायडल घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. बीबीचा उजव्या बाजूचा, म्हणजे चेनकडचा कपही तसाच. तो कप गुळगुळीत आणि घट्ट असेल तर काढूच नका, जागेवरच साफ करा.

चाक नव्यानं बांधायचं ठरलं असेल तर स्पोक तोडण्यापूर्वी फ्रीव्हील काढा. काढणी वाइसमध्ये पकडून, एक्सलच्या नटानं सैलसर दाबून, अख्खं चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं असतं. रिम हाच तुमचा दांडा. स्पोक आधी कापले तर हातात नुसता हब (चाकाचा मधला भाग) उरतो आणि फ्रीव्हील निघता निघत नाही. पहिला झटका बसून सैल झालं की काढणीचा नट ढिला करा, नाहीतर तोच तुटेल.

५. आटे मोजा

बीबीचा व्यास बहुतेक सायकलींत सारखाच, सुमारे १ ३/८ इंच. पण आट्यांची दाटी वेगळी. बीएसए पद्धतीत इंचाला २४ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिलिमीटर अंतर. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यातल्या सायकलींत इंचाला २६ आटे, अंतर ०.९८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसत नाही. २४ चा कप २६ च्या फ्रेममध्ये दोन-तीन फेरे हातानं गोड जातो, मग अडतो. इथे पाना लावून जोर केला की फ्रेमचे आटे कायमचे गेले.

मोजायचं असं: जुना कप साफ करून स्टीलच्या पट्टीला लावा आणि अर्ध्या इंचात किती शिखरं येतात ते मोजा. १२ आली तर २४, १३ आली तर २६. त्याहून खात्रीचं म्हणजे दुकानातून माहीत असलेला २४ चा कप आणा आणि दोन्ही कपांचे आटे एकमेकांवर टेकवून उजेडासमोर धरा. पूर्ण लांबीत फट न दिसता बसले तर जुळतात. बीबीच्या नळीची रुंदीही मोजा. बीएसए पद्धतीत ६८ मिलिमीटर, २६ आट्यांच्या रॅलेत सहसा ७१ किंवा ७६. एक्सल याच रुंदीवर ठरतो.

हँडलच्या कपांतही हाच २४-२६ चा खेळ आहे. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि हेडसेट (हँडल फिरतं ते कप आणि छर्रे) ही जोडी समजा. फोर्क बदलायचा झाला तर त्याचा हेडसेट सोबतच मागून घ्या.

फ्रेम २६ आट्यांची आणि कप झिजलेले, तर काय? नवा कप शोधत फिरण्यापेक्षा जुन्या कपाची धाव (छर्रे फिरतात तो पट्टा) बघा. गुळगुळीत चकचकीत पट्टा असेल तर नवे छर्रे आणि ग्रीस घालून तो आणखी बरीच वर्षं जाईल. बारीक खड्डे असतील तर एक्सल बदलून बघा, कारण बऱ्याचदा आधी एक्सलचा कोन झिजतो. कप खरंच गेला असेल तरच कुपवाड, मिरज किंवा सातारा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे जा. नमुना म्हणून जुना कप द्या आणि "इंचाला २६" हे कागदावर लिहून द्या.

छर्ऱ्यांचा हिशेब: बीबीत प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ११, मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ९, पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला ३/१६ चे १०, हँडलला ५/३२ चे वर-खाली प्रत्येकी साधारण २५. सगळे बसवल्यावर एका छर्ऱ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. घट्ट कोंबले तर घासतात. जुने आणि नवे एकत्र करू नका, मापात केसाएवढा फरक असला तरी भार नव्यांवरच येतो.

६. चाकं: सगळी "२६" सारखी नसतात

टायरच्या बाजूवर जोडअंक शोधा. ४०-६३५ असं लिहिलेलं असेल तर रुंदी ४० आणि रिमच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर. भाग जुळवताना दुसरा आकडाच बघायचा.

- २८ × १ १/२: ६३५. मोठी काळी सायकल.
- २६ × १ ३/८: ५९०.
- २६ × १ १/२: ५८४.
- २६ × १.९५ किंवा तशी दशांशातली मापं: ५५९, गियरच्या डोंगरी सायकली.
- ७००सी: ६२२.

तीन वेगवेगळ्या "२६" आहेत आणि कुठलीही दुसरीच्या जागी बसत नाही. दुकानात "२६ चा टायर द्या" म्हणालात तर चुकीचा मिळण्याचीच शक्यता जास्त.

भोकांचाही घोळ असतो. जुन्या पद्धतीत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक. नव्या रिम बहुतेक ३६ च्या. ४० भोकांचा सुंदर जुना हब ठेवायचा असेल तर रिमही ४० भोकांचीच घ्या, आणि ती साध्या काळ्या सायकलीसाठी अजून मिळते.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढताना लोक फक्त डावीकडे-उजवीकडे बघतात. रॉड ब्रेकच्या सायकलीत वर-खालीचा आऊट जास्त महत्त्वाचा, कारण ब्रेकची रबरं रिमच्या आतल्या पोटावर वरच्या दिशेनं दाबतात. चाक गोल नसेल तर दर फेऱ्याला एकदा ब्रेक लागतो आणि एकदा सुटतो. म्हणून आधी वर-खालीचा आऊट दीड मिलिमीटरच्या आत आणा, मग बाजूचा. निपलांना (स्पोकच्या रिमकडच्या नटांना) आदल्या दिवशी तेल द्या, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. टायरमध्ये ४५ ते ५० पीएसआय हवा पुरे. या जुन्या रिमना टायरची कड अडवणारा वळलेला काठ (हूक) नसतो, ८० भरली तर टायर रिमवरून उडतो.

७. ब्रेक: इथे काटकसर नको

सांगली सपाट आहे. तिथे नीट लावलेले रॉड ब्रेक रोजच्या वापराला पुरतात. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागणार असाल तर उतरण्याचा विचार चढण्याआधी करा. क्रोमच्या रिमवर पाऊस पडला की रबर काही अंतर नुसतं सरकतं, मग पकडतं. घाटात तेवढं अंतर आपल्याकडे नसतं.

रॉड ब्रेकच ठेवायचे असतील तर चारही रबरं नवी घ्या. रबर आणि रिम यांत तीन मिलिमीटर अंतर ठेवा. सगळ्या खिळ्या-सांध्यांतला खुळखुळा काढा, कारण प्रत्येक सांध्यातला अर्धा मिलिमीटर लिव्हरपाशी बोटभर होतो. रबराच्या पेटीचं बंद तोंड चाक फिरण्याच्या दिशेला हवं. उलटं लावलं तर पहिल्याच जोरदार ब्रेकला रबर बाहेर सटकून पडतं.

सुधारणा करायची असेल तर अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि कॅलिपर ब्रेक (केबलनं ओढला जाणारा, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा) हा सरळ मार्ग. पण हे बदल एकत्रच करावे लागतात. रॉड ब्रेकला गोलसर पोटाची रिम लागते, कॅलिपरला सपाट बाजूंची. एकाची रिम दुसऱ्याला चालत नाही. ६३५ च्या फ्रेममध्ये ७००सीचं चाक टाकलं की रिम साडेसहा मिलिमीटर आत जाते, त्यामुळे लांब पायांचेच कॅलिपर घ्या. विकत घेण्याआधी फोर्कच्या माथ्यावर आणि मागच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या पुलावर बोल्टचं भोक आहे का ते बघा. नसेल तर फोर्कला ड्रिल मारत बसू नका, ड्रम ब्रेकचा हब लावा. फोर्कची आतली रुंदी मात्र मोजा. जुन्या फोर्कची ९० ते ९६ मिलिमीटरच्या आसपास असते, नवे हब १०० चे.

८. चेन आणि गियर

चेन १/२ × १/८ ची. झीज मोजायला एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा आणि चोविसावी कडी संपते ती पिन बघा. बरोबर १२ इंचांवर असेल तर चेन ताजी. १२ १/८ वर गेली असेल तर बदला, आणि फ्रीव्हीलही बदला, कारण झिजलेल्या दात्यांवरून नवी चेन उडते. चेनच्या कुलपाच्या क्लिपचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला ठेवा. चेनला मधोमध बारा मिलिमीटरची ढील असावी.

पुढे ४४ आणि मागे १८ दाते ही नेहमीची जोडी. २८ च्या चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात ती सायकल सुमारे साडेपाच मीटर नेते. सांगली-मिरज रस्त्याला ठीक. साताऱ्यासाठी मागे २२ लावा, तेच अंतर साडेचार मीटरवर येतं आणि चढाला गुडघे वाचतात. नवं फ्रीव्हील जुन्या इंग्रजी किंवा देशी हबवर आट्यांनी बसतं, पण पहिले तीन फेरे हातानंच घ्या.

स्टर्मी-आर्चरचा तीन गियरचा एडब्ल्यू हब सापडला तर नशीब समजा. हबच्या अंगावर अक्षरांशेजारी साल आणि महिना ठोकलेला असतो. पहिला गियर सरळपेक्षा (दुसऱ्यापेक्षा) पाव हिश्शानं हलका, तिसरा तिसऱ्या हिश्शानं जड. बंद पडलेला हब बहुतेक वेळा फक्त वाळलेल्या तेलानं जाम झालेला असतो. पातळ मशीन तेल चमचाभर घालून एक दिवस ठेवा, मग फिरवून बघा. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल चुकूनही नको, तेच गोंद होऊन बसतं. खोलायचाच झाला तर उजवीकडच्या मोठ्या रिंगवर आणि हबवर समोरासमोर खूण करा. त्या रिंगला दुहेरी आटे असतात, चुकीच्या आट्यातून सुरू केली की चाकाचा आऊट बदलतो. केबल लावताना गियर दोनवर ठेवा आणि उजव्या नटाच्या भोकातून बघा: आतल्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी सपाट आला पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मध्ये रिकामी जागा असते. केबल ढिली असेल तर उभं राहून पायडल मारताना पाय एकदम मोकळा सुटतो आणि माणूस दांडीवर आदळतो.

हा हब मागच्या फ्रेमच्या रुंदीत काही मिलिमीटर जास्त जागा मागू शकतो. स्टीलची फ्रेम दोन्हीकडे सारखी, एकूण चार-पाच मिलिमीटर उघडता येते. नंतर दोरीची तपासणी पुन्हा करा. १३५ मिलिमीटरचा डोंगरी सायकलचा हब घालायचा हट्ट मात्र धरू नका.

९. गंज, रंग, दिवा

मूळ रंग निम्मा जरी शाबूत असेल तरी पावडर कोटिंग करू नका. सोनेरी रेघा आणि कंपनीची चित्रं एकदा गेली की गेलीच. पेट्रोल आणि थिनरनं ती चित्रं विरघळतात, त्यामुळे साबणपाणी आणि नंतर गाडीचं मेण एवढंच. क्रोमवरचा गंज ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्यानं निघतो. लहान लोखंडी भागांसाठी पाच लिटर पाण्यात ३०० ग्रॅम लिंबूसत्त्व, रात्रभर. मग सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच वाळवा, तेल लावा. स्प्रिंगा, स्पोक आणि कॉटर त्यात टाकू नका, कडक पोलाद आम्लानं ठिसूळ होतं.

बाटलीचा डायनामो ६ व्होल्ट ३ वॅटचा असतो: पुढे २.४, मागे ०.६. मागचा बल्ब उडाला की सगळा जोर पुढच्यावर येऊन तोही उडतो. बदलायचे तर दोन्ही एलईडी करा. हबमधला जुना डायनोहब मिळाला तर त्याचा चुंबक आतल्या वेटोळ्यापासून वेगळा काढू नका, त्याची ताकद कायमची उतरते.

१०. जोडणी आणि पहिले दिवस

जोडणीचा क्रम: हेडसेट, बीबी, क्रँक, चाकं, चेन, ब्रेक, मग बाकीचं. नव्या कॉटरची सपाट बाजू कानशीनं थोडी थोडी घासत बसवा. दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेनं घाला, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. आत ढकलायचं ते हातोड्यानं. नट फक्त धरून ठेवायला असतो, त्यानं ओढायला गेलं की आटे निसटतात.

पहिला आठवडा गावातच, सपाटीवर चालवा. साधारण ५० किलोमीटर झाले की कॉटर पुन्हा एकदा ठोका आणि नट आवळा, स्पोकांचा ताण हातानं दाबून तपासा, बीबीचा आणि हँडलचा खुळखुळा काढा, आणि ब्रेकची रबरं सगळ्या लांबीत सारखी घासली आहेत का ते बघा. रबर एकाच टोकाला चमकत असेल तर पेटी वाकडी बसली आहे, ती सरळ झाल्याशिवाय यवतेश्वरचा रस्ता धरू नका.